आधी खांदा, मग कापड, नाव शेवटी

वाचकाचं पत्र :

दादा, मी खानापूर तालुक्यातला, वय २३. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे, रोज बसनं ये-जा करतो. मला स्ट्रीटवेअरचा नाद आहे. ओव्हरसाइझ टी-शर्ट, मांडीवर खिसे असलेल्या कार्गो पँट, स्नीकर्स. पण माझ्याकडं काहीच टिकत नाही. काळे टी-शर्ट दोन-तीन महिन्यांत राखाडी होतात, छातीवरच्या प्रिंटला भेगा पडतात. १८०० रुपयांना फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नकली, जॉर्डन बूट घेतले होते, गेल्या पावसात कपाटात त्यांच्यावर बुरशी चढली. बाबा म्हणतात, 'थोरल्याचे कपडे घालून आल्यासारखा दिसतोस.' माझी उंची ५ फूट ४ इंच, अंगानं जरा भरलेला आहे. ही स्टाईल माझ्यासारख्यांसाठी नाहीच का? येत्या महिन्या-दोन महिन्यांत ६००० रुपये बाजूला पडतील. तुळशीच्या लग्नानंतर चुलत बहिणीचं लग्न आहे, तिथंही चारचौघांत नीट दिसायचं आहे. काय घेऊ आणि आहे ते कसं सांभाळू, सांगा की.
– एक वाचक, खानापूर तालुका

मित्रा,

कपाट आणि बुरशीचं नंतर बोलू. आधी 'ही स्टाईल माझ्यासारख्यांसाठी नाहीच का' ह्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो तुझ्या डोक्यात राहिला तर पुढचं काही उपयोगाचं नाही.

स्ट्रीटवेअर म्हणून आज जे विकलं जातं, त्यातलं कितीतरी सामान राबणाऱ्या माणसांच्या अंगावरून आलंय. जीन्सच घे. अमेरिकेत नेवाडामधल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे सारखे उसवायचे, म्हणून त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना धातूचे रिव्हेट ठोकले. कापड पुरवणाऱ्या लेव्हाय स्ट्रॉसला सोबत घेऊन २० मे १८७३ ला त्यानं त्याचं पेटंट मिळवलं. कारहार्ट कंपनी १८८९ मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली ती रेल्वे कामगारांना कामाचे कपडे पुरवायला. कार्गो पँट तर सैनिकांची. पुढं कॅलिफोर्नियात शॉन स्टुसी सर्फबोर्ड बनवता बनवता आपली सही टी-शर्टांवर छापून विकायला लागला. १९९३ मध्ये टोकियोच्या हाराजुकूत निगोनं 'अ बेदिंग एप' काढलं आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर जेम्स जेबियानं 'सुप्रीम' हे स्केटबोर्डवाल्या पोरांसाठीचं दुकान थाटलं. उद्यमबागेत पाळीभर मशीनपुढं उभा राहणारा पोरगा ह्या कपड्यांना परका कसा असेल? उलट तुझ्या अंगावर ते जास्त शोभायला हवेत. नाही शोभत, त्याची कारणं तुझ्या उंचीत नाहीत, मापात आणि कापडात आहेत.

पण त्याच्याआधी एक गोष्ट नीट कान देऊन ऐक. ओव्हरसाइझ टी-शर्ट, लोंबणारी नाडी, गळ्यातली चेन, हातातलं ब्रेसलेट, यातलं काहीही अंगावर ठेवून लेथ, ड्रिल किंवा मिलिंगजवळ जायचं नाही. फिरत्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, सैल बाही अडकली की ती हातासकट ओढली जाते, आणि स्विचपर्यंत दुसरा हात पोचायला वेळ मिळत नाही. सुपरवायझर बघो न बघो. कामाचा अंगाबरोबर बसणारा शर्ट बॅगेत ठेव, शॉपवर बदल, सुटल्यावर परत आपले कपडे घाल. चांगले टी-शर्ट निम्मे कूलंट आणि तेलानंच खराब होतात, तेही ह्यानं वाचतील.

आता बाबांचं म्हणणं. ते उगाच टोचून बोलत नाहीयेत, त्यांनी खांदा बघितलाय. माझा अंदाज असा, की तू एम किंवा एल मापाचा आहेस आणि ओव्हरसाइझ दिसावं म्हणून साध्या टी-शर्टाचा डबल एक्सेल घेतोस. साधा टी-शर्ट दोन मापं मोठा घेतला की सगळंच वाढतं. गळा ढिला पडून पुढं लोंबतो, खालची कड मांडीवर येते, बाही कोपराखाली जाते. बघणाऱ्याला वाटतं, उसना आणलाय. ओव्हरसाइझ म्हणून मुद्दाम बेतलेला टी-शर्ट वेगळा असतो. त्यात खांद्याची शिवण दंडावर उतरवलेली असते, छातीचा घेर वाढवलेला असतो, पण गळा आवळच ठेवतात आणि उंची जवळपास साध्या टी-शर्टाएवढीच असते. म्हणजे तो आडवा मोठा असतो, उभा नाही.

तुझ्याकडचा सगळ्यात नीट बसणारा टी-शर्ट चटईवर सपाट पसर आणि टेपनं तीन मापं घे : एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची छाती, खांद्यापासून कडेपर्यंतची उंची, आणि एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचं अंतर. मोबाईलमध्ये लिहून ठेव. नवा घेताना छाती ह्यापेक्षा दोन-अडीच इंच जास्त चालेल, उंची मात्र २६-२७ इंचांच्या पुढं नको. ५ फूट ४ इंचांच्या माणसाला कड पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत आली की पुरे. त्याखाली गेली की पाय आखूड दिसतात, आणि तुला सलणारी बुटकेपणाची गोष्ट तिथूनच सुरू होते. ऑनलाइन मागवताना एस-एम-एल ही अक्षरं वाचू नकोस, इंचांचा तक्ता वाच. एका कंपनीचा एल दुसरीच्या एक्सेलएवढा असतो.

कार्गोचंही तेच. घोट्यावर कापडाचा गोळा होत असेल तर कुठल्याही टेलरकडून खालून आखूड करून घे. बुटावर हलकी टेकेल एवढीच ठेव. वर सैल घातलं म्हणून खाली चिकटून बसणारी पँट घालायची जी पद्धत मध्यंतरी होती, ती भरल्या अंगाच्या माणसाला अजिबात साधत नाही. वरचा भाग फुगतो, खालचा वाळतो. सरळ उतरणारी, मांडीत मोकळी पँट तुला चांगली.

कापडाकडं येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथंच वाया जातात. टी-शर्टाचं कापड जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. बाजारातला साधा टी-शर्ट १६० ते १८० चा असतो. ओव्हरसाइझ म्हणून जे चांगले विकतात ते २२० ते २४० चे. फरक नुसत्या जाडीचा नाही. पातळ कापड सैल शिवलं तरी अंगाला चिकटतं, पोटावर बसतं आणि जे झाकायचं तेच दाखवतं. जड कापड अंगापासून सुटं उभं राहतं, त्याला स्वतःचा आकार असतो. तुझ्यासारख्या भरलेल्या अंगाला २२० च्या पुढचं कापड जे करील ते कुठलाही ब्रँड करणार नाही.

दुकानात लेबलावरच्या आकड्यावर विसंबू नकोस, हातानं बघ. टी-शर्टाच्या आत हात घालून उजेडाकडं धर. बोटांचा आकार स्पष्ट दिसला तर कापड पातळ आहे. गळ्याची पट्टी दोन बोटांनी ताणून सोड. ती चटकन जागेवर आली तर तिच्यात जीव आहे. वळवळत राहिली तर चार धुण्यांत गळा लोंबणार. बाजूच्या शिवणी बघ. शिवण पोटाकडं किंवा पाठीकडं वळलेली असेल तर कापड तिरकं कापलंय, पहिल्या धुण्यात टी-शर्ट पिळवटेल. प्रिंटवर दोन्ही अंगठे ठेवून अगदी हलकं ताण. छपाईची शाई भट्टीत नीट भाजली गेली नसेल तर तिथंच बारीक चिरा दिसतात. तुझ्या प्रिंटांना भेगा पडल्या त्यातल्या काही अशा मुळातच कच्च्या असणार, बाकीच्यांची कारणं खाली सांगतो. आणि लेबलावर 'प्री-श्रंक', म्हणजे आधीच आटवलेलं, असं लिहिलंय का बघ. आटवून न घेतलेलं सुती निट (टी-शर्टाचं विणीचं, ताणणारं कापड) पहिल्या धुण्यात उंचीला सहज इंचभर आटतं.

हे सगळं बघायला बेंगळुरू गाठायला नको. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, किर्लोस्कर रोड एवढं एका रविवारी चालत फिर. निटवेअरचं देशातलं सगळ्यात मोठं केंद्र तिरुपूर. तिथला माल मॉलमध्येही जातो आणि गल्लीतल्या दुकानातही येतो. दुकानदाराला मराठीत विचार नाहीतर कन्नडात, पण 'जरा जाड कापडातला, प्लेन, प्रिंट नको' असं नेमकं सांग. प्लेन का, तर पहिली चांगली खरेदी प्रिंटशिवायच करावी असं माझं ठाम मत आहे. काळा, मळखाऊ हिरवा किंवा विटकरी रंगाचा जड टी-शर्ट कशावरही चालतो. प्रिंट चारवेळा घातला की लोकांच्या लक्षात राहतो आणि मग आपणच तो घालायला कंटाळतो.

आता धुण्याचं. काळा राखाडी होतो त्यात रंग उडण्याइतकाच घासण्याचा वाटा असतो. घासून धाग्यांची टोकं वर येतात, त्यांच्यावर उजेड वेगळा पडतो आणि कापड पिकल्यासारखं दिसतं. खरखरीत ब्रश, धुण्याचा दगड, साबणाची वडी चोळणं, हे सगळं चादरीला ठीक आहे, निटच्या टी-शर्टाला नाही. दुसरं कारण पाणी. तुमच्याकडं बोअरचं जड पाणी असेल तर साध्या साबणाचा त्या पाण्यातल्या चुन्याशी संयोग होऊन पांढुरका साका धरतो आणि तो काळ्यावर बसतो. पावडर नीट विरघळली नाही तरी तेच होतं. म्हणून लिक्विड डिटर्जंट वापर, किंवा पावडर आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग बादलीत ओत. टी-शर्ट उलटा कर, गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेव, हातानं दाबून काढ, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढ. पिळताना पीळ देऊ नकोस, दाबून पाणी काढ. मशीन असेल तर काळे कपडे वेगळे, उलटे, आणि ड्रम ठासून भरायचा नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात. मीठ कारखान्यात रंगवताना लागतं, घरी रंग धरून ठेवायला त्याचा उपयोग नाही.

वाळत घालायचं सावलीत, उलटं, आणि दोरीवर मधोमध दुमडून. खांद्याला चिमटे लावून किंवा ओला हँगरवर टांगून ठेवला की पाण्याच्या वजनानं गळा आणि खांदे ताणतात. वाळल्यावरही जड निट घडी घालूनच ठेव, हँगर शर्टांना. प्रिंटवर थेट इस्त्री कधीच नाही. त्या शाईत प्लॅस्टिकच असतं, उष्णतेनं ते मऊ पडतं, चिकटतं आणि मग तडकतं. उलटा करून आतून इस्त्री मार.

एक मात्र सांगतो, मनावर घे. हे नियम आईला वाचून दाखवू नकोस. घरातल्या सगळ्यांचं धुणं तिच्यावर असेल तर तुझ्या चार टी-शर्टांसाठी तिनं वेगळं लिक्विड, वेगळी बादली का सांभाळावी? ते चार तू स्वतः धू. रविवारचा अर्धा तास लागतो.

कामावरच्या डागांसाठी दोन गोष्टी. तेलाचा किंवा ग्रीसचा डाग पडला तर आधी पाणी लावायचं नाही. कोरड्या कापडावर भांडी घासायचं लिक्विड चोळ, पंधरा मिनिटं थांब, मग धू. डाग गेला नसेल तर इस्त्री करू नकोस, उष्णतेनं तो पक्का बसतो. लोखंडाच्या चिप्सनं तांबूस गंजाचा डाग पडला असेल तर त्यावर ब्लीच अजिबात नको, तो अजून गडद होतो. पांढऱ्या कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेव, मग धू. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीवर करून बघ, लिंबानं रंगही उतरतो.

आणि आता आपल्या भागाची खरी अडचण, पाऊस. ज्या गावांनी ही स्टाईल घडवली तिथं जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस नाही. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, कपाटं घामेजतात. तेव्हा तुझं कपाट ह्या चार महिन्यांसाठी वेगळं लाव. जड हुडी, आतून लव असलेले स्वेटशर्ट जूनच्या आधी कडक ऊन दाखवून, पूर्ण थंड झाल्यावर, घडी करून वर ठेवून दे. ते भिजले तर दोन-तीन दिवस ओलेच राहतात आणि त्यांना जो कुबट वास लागतो तो सुगंधी फवाऱ्यानं जात नाही. हुडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीची, तेव्हा बेळगावची सकाळ तिला साजेशी असते. पावसात १८० चे टी-शर्ट, हलकी नायलॉनची किंवा पातळ कॉटनची पँट. जड २४० चा पावसात घालायचाच असेल तर धुतल्यावर मशीनच्या स्पिनरमधून काढ आणि रात्रभर पंख्याखाली पसर. कुबट वास लागलेला कपडा पुन्हा धू आणि शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर घाल. साबणही कमीच वापर. जास्तीचा साबण धाग्यांत राहतो, आणि ओलाव्यात वास धरायला तोही कारण होतो.

अर्धवट ओला कपडा इस्त्री करून लगेच कपाटात ठेवायचा, ही पावसाळ्यातली घरोघरची सवय आहे. तिथूनच बुरशी येते. इस्त्रीनंतर तासभर बाहेर टांग. कपाट लोखंडी असेल तर ते भिंतीपासून चार बोटं पुढं ओढ, फळीवर कोरा कागद घाल, आणि उघाड पडली की दारं उघडी टाक. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कपड्यांत आणि बुटांत ठेवल्या तर चांगलंच. डांबराच्या गोळ्या प्रिंटला चिकटून ठेवू नकोस. त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतात.

बुटांचं लांबलचक आहे, पण मुद्द्याचं सांगतो. नाइकीचा एअर फोर्स १ हा १९८२ चा, जॉर्डन १ हा १९८५ चा. चाळीस वर्षांपूर्वीचे बास्केटबॉल कोर्टवरचे बूट आहेत हे. ज्यांनी ते रेखले त्यांचं काम चोरून, खोटं नाव लावून विकलेला जोड म्हणजे फर्स्ट कॉपी, मग विकणारा त्याला मास्टर क्वालिटी म्हणो की आणखी काही. मला ते पटत नाही, आणि ज्याला ह्या गोष्टींचं मनापासून वेड आहे त्यालाही पटू नये. दुसरं, ते पैशाच्या हिशेबातही बसत नाही. कॉपीत वरून दिसणारं सगळं सारखं करतात, वाचवतात ते आतला डिंक, सोलचा फोम आणि वरचं लेदर ह्यांत. वरचं लेदर बहुतेक प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड असतं. वाकण्याच्या जागी तो थर सोलतो आणि पावसात सोल उघडा पडतो. १८०० रुपयांत खऱ्या नावाचा, साधा कॅनव्हासचा किंवा रबरी सोलचा देशी जोड येतो आणि तो धुता येतो. तो घे.

आहे त्या जोडावरची बुरशी आधी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाड, घरात झाडू नकोस. नाका-तोंडाला रुमाल बांध. मग व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कापडानं पूस, लेस आणि आतला पॅड वेगळे धू, सावलीत दोन दिवस वाळव. खानापूरकडच्या तांबड्या चिखलाचं एक ध्यानात ठेव : ओला असताना चोळायचा नाही, तो धाग्यांत शिरतो. वाळू दे, झाड, मग साबणाचा फेस लावून जुन्या टूथब्रशनं घास. पांढरा कॅनव्हास उन्हात वाळवताना वरून पांढरा टिश्यू पेपर गुंडाळला तर पिवळे डाग कागदावर उतरतात. आणि बूट जपायचे म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात ठेवायचे नाहीत. पुष्कळ स्नीकर्सच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन फोम असतो. दमट हवेतल्या पाण्यानं तो आतल्या आत विघटित होतो आणि एक दिवस पायात घातल्यावर सोलचा भुगा पडतो. ते वापरात राहिले तर जास्त टिकतात. एक दिवसाआड घाल, मधला दिवस वाळू दे.

कार्गो घेताना एक सावधगिरी. आपण लष्करी कँप असलेल्या गावात राहतो, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, तेव्हा आर्मी प्रिंटचा मोह सगळ्यांना होतो. भारतीय सेनेनं जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेला नवा डिजिटल प्रिंट नोंदणीकृत आहे, तो उघड्या बाजारात विकायला परवानगी नाही. त्याच्यासारखं दिसणारंही घालू नकोस. साधा ऑलिव्ह किंवा खाकी रंग घे. कामगारांसाठी जाड खाकी ड्रिलचे शर्ट विकणारी दुकानं शहरात आहेतच. तसला एक शर्ट, बटणं उघडी ठेवून, आत काळा टी-शर्ट. ज्याला बाहेर वर्कवेअर म्हणून चढ्या भावानं विकतात ते हेच.

आता तुझे ६००० आणि बहिणीचं लग्न. लग्नासाठी मी टेलरकडं जायला सांगीन, तेही हौसेनं. मोठ्या शहरांतली तुझ्या वयाची पोरं तयार मापात स्वतःला बसवत राहतात. आपल्याकडं अजून गल्लोगल्ली माप घेऊन शिवणारा माणूस बसलेला आहे. पांढरट किंवा फिक्या राखाडी रंगाचं जाडसर कॉटन, जमलं तर शहापूर-वडगावकडच्या मागावरचं, घे. ४४ इंच पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर अर्ध्या बाहीच्या सैल शर्टाला अडीच मीटर पुरतं, ५८ पन्हा असेल तर पावणेदोन मीटर. शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढून वाळव, म्हणजे आटायचं ते आटेल. टेलरला तोंडी 'ओव्हरसाइझ' सांगू नकोस, तो दोन इंच जास्त सोडून देईल आणि शर्टाला झोळ पडेल. तुझी लिहून ठेवलेली मापं दाखव आणि सांग : खांदा एक इंच उतरता, छाती मोकळी, उंची आखूड, खालची कड सरळ, बाजूला छोटा कट, कॉलर उघडी सपाट. खाली प्लेट घातलेली मोकळी कॉटन पँट. गुळेदगुड्डच्या खणाचा नाद असेल तर अख्खा शर्ट शिवू नकोस. खणाचा पन्हा कमी असतो, जोड द्यावे लागतात, आणि चकचकीत दिसतं ते वेगळंच. कॉलरच्या आतल्या बाजूला आणि खिशाला लाव, पुरे.

पायात कोल्हापुरी. ती नुसती कोल्हापूरची नाही. २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ह्या चार जिल्ह्यांसाठी. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती करतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीनं तसल्याच चपला नाव न घेता दाखवल्या, गदारोळ झाला, मग कंपनीला त्या भारतीय हस्तकलेवरून घेतल्याचं मान्य करावं लागलं. ज्या चपलेसाठी जगभर एवढं झालं ती तुला आपल्याच जिल्ह्यात, करणाऱ्याच्या हातून घेता येते. पावसात घालू नकोस, झाडांच्या सालीनं कमावलेलं कातडं पाण्यात फुगतं. पाऊस सरल्यावर घे, आठवडाभर घरात घालून पायाला सवय कर, चपलेच्या तळव्याला थोडं खोबरेल लाव. नवी कोरी घालून लग्नात उभा राहिलास तर दुपारपर्यंत अंगठ्याला फोड येईल.

हिशेब साधारण असा पडेल : दोन प्लेन जड टी-शर्ट १२०० ते १३००, शर्टाचं कापड आणि शिलाई मिळून ११०० च्या आसपास, पँटही तेवढ्यातच, कॅनव्हासचे बूट १५००, कोल्हापुरी ८०० पासून पुढं. दोनेकशे उरतील त्यातून आहेत त्या दोन कार्गो खालून आखूड करून घे आणि लिक्विडची बाटली आण. खाकी शर्ट दिवाळीच्या बोनसवर ढकल.

टी-शर्ट आणि बूट घाई नाही, गणपतीनंतर घेतलेस तरी चालतील. कापडाचं मात्र आत्ताच बघ. दसऱ्यापासून टेलरांकडं लग्नाचे ढीग लागतात आणि तुळशीचं लग्न झालं की ते नवं कापड हातातच घेत नाहीत. नागपंचमीच्या आसपास कापड देऊन ठेव, गणपतीत ट्रायल दे. खांदा नीट बसला नाही तर उसवून दुरुस्त करायला त्याच्याकडंही वेळ असेल आणि तुझ्याकडंही.